गंगावेशीतले दूधवाले मामा

गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढून देणाऱ्या त्या मामांचं नाव मला अजून ठाऊक नाही. नववीत शाळा सोडून नांदेडहून शिरोलीच्या फाउंड्रीत आलो, तेव्हा माझ्या गालात तंबाखूचा मावा असायचा. पहिल्याच दिवशी मामांनी माझी सगळी चौकशी केली, आणि गालातला मावा दिसताच पुढे केलेला पेला मागे घेतला.

"ह्या तोंडाला दूध न्हाय! मावा थुक, आन् बाहेरनं दहावीचा फॉर्म भर की."

मी फॉर्म भरला. पुढे वर्षभर रोज तोंड उघडायला लावून, मावा नाही हे बघूनच त्यांनी दूध दिलं. घरापासून इतक्या लांब मला एवढं दरडावणारं दुसरं कोण होतं?

आज मोबाइलवर निकाल उघडला. पास! तसाच खोलीवरून गंगावेशीत धावत सुटलो.

"मामा, दहावी पास झालो!"

मामा धार सोडून उठलेच. "आईला सांगितलंस?"

"नाही, आधी तुम्हालाच."

"आरं येड्या, फोन लाव आधी! दूध म्हशीतच हाय, पळून जातंय व्हय?"