हेडफोनची गादी

बारकूचे कान देवाने नेले नाहीत, म्हातारपणाने नाहीत, की तापानेही नाहीत. ते त्याने स्वतःच्या हाताने, सुईदोरा घेऊन, टाके घालून दुसऱ्याला देऊन टाकले. तुम्ही म्हणाल, असा कोण वेडा असतो? असतो. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर राहत होता, आणि वेडा तर मुळीच नव्हता.

पोरसवदा असताना तो उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात लागला. आधी धागे कापायला, मग मशीनवर. शेठ सिंधी, तोंडाचा फटकळ, पण कामातला दर्दी. जाड कापडात सुई तिरकी कशी घालायची, गोलाईवर चुणी कशी पडू द्यायची नाही, हे बारकू त्याच्या शिव्या खात शिकला. पुढे तो कारखाना बंद पडला आणि बारकू अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत गेला. कंत्राटदाराचा माणूस म्हणून, कॉम्प्रेसरवर.

पत्र्याची खोली, आत धडधडणारी मशीनं. शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी त्याला आवाज पोचायचा नाही, फक्त थुंकी लागायची. संध्याकाळी सायकल मारत पाड्यावर पोचलं तरी कानात शिट्टी वाजतच असायची. पण बारकूची तक्रार नव्हती. त्याला एकच पाहिजे होतं, परमनंट. कायमच्या माणसाला बोनस होता, आजारपणात दवाखाना होता, पोरांच्या शाळेला मदत होती. कंत्राटी माणसाला काय, तर गेटमधून आत यायची परवानगी! त्याची बायको नवसी पाटीतून विटा वाहून थकलेली. ती रोज विचारायची, "काय बोलतो तुजा सायेब?" आणि बारकू सांगायचा, "होनार."

सत्त्याऐंशी साली सरकारी तपासणी येणार म्हणून कंपनीची पळापळ झाली आणि कॉम्प्रेसरवाल्यांना इअरमफ मिळाले. कानावर बसणाऱ्या पिवळ्या वाट्या, आणि वाटीच्या कडेला जाड, लुसलुशीत गादी. तपासणी झाली, साहेब लोक गेले, आणि बाकीच्यांनी ते मफ खुंटीला लावून टाकले. घाम येतो, खाज सुटते! बारकूने मात्र घातले. लोक हसायचे, "बारक्या, फोन आलाय काय रं?" हसू देत. पहिल्याच दिवशी घरी गेला तर कानातली शिट्टी बंद! चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं, ते त्याला दारातून ऐकू आलं. तेव्हापासून तो मफ जिवापाड जपायला लागला. सुट्टी झाली की पुसायचा, पिशवीत घालून कपाटात ठेवायचा.

आता टिपणीस साहेब. हेमचंद्र टिपणीस, स्टोअर्स आणि माणसांची भरती, दोन्ही त्यांच्या हाताखाली. कोणाला परमनंट करायचं, याबाबत वरचे लोक त्यांचंच ऐकत. माणूस सभ्य. कधी कुणावर आवाज चढवला नाही, सणाला हाताखालच्यांना पेढा दिला. म्हणूनच तर सांगताना जास्त चीड येते. राक्षस असता तर बारकू सावध तरी राहिला असता!

साहेबांना गाण्याचं वेड. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा फ्लॅट होता, आणि भिंती अशा की शेजाऱ्याने जांभई दिली तरी कळावं. म्हणून मेहुण्याने आखातातून आणलेला मोठा हेडफोन लावून ते कॅसेट ऐकत. त्या हेडफोनच्या गाद्यांचं कातडं सोलवटलं, आतला फोम भुगा होऊन कानात पडायला लागला, आणि आवाजाचा जीवच गेला. डग्गा नाहीसा झाला, नुसती टिचकी उरली. बाजारात तशा गाद्या मिळेनात. कंपनीत कोणीतरी सांगितलं की कॉम्प्रेसरवरचा बारकू शिवण जाणतो. झालं! रविवारी बारकू साहेबांच्या घरी.

मग रविवारमागून रविवार तेच. कॅम्प तीनच्या बाजारातून बारकू रेक्झीन, फोम, मखमल घेऊन यायचा आणि हॉलमध्ये सतरंजीवर बसून गाद्या शिवायचा. साहेबांची बायको उमाताई चहा आणून द्यायची. जाड फोम घातला तर साहेब म्हणाले, गवई उशीत तोंड खुपसून गातोय. पातळ घातला तर आवाज चिरका. मखमलीने धार बोथट झाली. बारकूने आतल्या अंगाच्या रेक्झीनला तापल्या सुईने बारीक भोकं पाडली, तेव्हा साहेब उठून उभेच राहिले. "अरे, मोकळा झाला की आवाज!" पण डग्गा काही येईना. साहेबांना चष्मा. चष्म्याच्या दांडीपाशी गादी उचलली जायची आणि सगळा ठोका त्या फटीतून गळून जायचा. दांडीवरून मुडपून घट्ट बसेल इतकी मऊ गादी पाहिजे होती.

ती कुठे होती, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

साहेब एकदा कॉम्प्रेसरवर आले होते, तेव्हा त्यांनी बारकूचा मफ सहज कानाला लावून पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. खुंटीवरचे मफ उंदरांनी कुरतडलेले, तेलाने कडक झालेले. शाबूत होते ते बारकूचेच, कारण वापरत आणि जपत होता तो एकटाच. घ्या! जपल्याचं हे बक्षीस.

"बारकू, गाद्या तेवढ्या काढून आण. नवे मफ मागवतोच आहे मी, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. आणि तुझं परमनंटचं माझ्या लक्षात आहे बरं का."

कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. पण बारकूला तो गूळ अगदी ओठाशी दिसला. त्याने गाद्या काढल्या. मूळची कड तशीच ठेवून, तिला रेक्झीनची पट्टी जोडून हेडफोनवर अशा चढवल्या की टाका दिसू नये. साहेबांनी कॅसेट लावली, डोळे मिटले आणि किती वेळ उघडलेच नाहीत. मग हेडफोन काढून स्वतःच्या हाताने बारकूच्या डोक्यावर चढवला. "ऐक. तूच केलंयस हे."

कोणी बाई गात होती. डग्गा छातीत घुमत होता. आणि दोन ओळींच्या मध्ये बाईने श्वास घेतला, तो ऐकू आला! माणूस शेजारी बसून घेतो तसा. बारकूच्या अंगावर काटा आला. घरी येऊन त्याने नवसीला सांगितलं, "गानारीन दम घेती ना, त्यो पन ऐकू आला मना." नवसीने विचारलं, "आन तुज्या कानाला काय लावशील उद्या?"

काय लावणार! नुसत्या वाट्या हाडाला टोचायच्या. नवसीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरून गाद्या शिवून दिल्या. घामाने त्या एका पाळीतच चोथा व्हायच्या, आणि आवाज कडेकडेने खुशाल आत शिरायचा. साहेबांना आवाज बाहेर पडू द्यायचा नव्हता, बारकूला आत येऊ द्यायचा नव्हता. गादी मात्र एकच होती, आणि ती साहेबांच्या कानावर होती.

आठ-पंधरा दिवस झाले, वर्ष झालं, मग वर्षं झाली. बारकूने विचारलं की साहेब म्हणायचे, "येतील रे, मागवलेत." पुढे पुढे बारकूने विचारणंच सोडलं. मफसाठी किरकिर करणारा माणूस परमनंटच्या वेळी साहेबांना आठवला तर? ह्या एका भीतीपायी गप्प बसला तो! आधी कानातली शिट्टी परत आली, मग ती घरीही थांबेना. कोंबडीची पिल्लं दिसायची, पण त्यांची चिवचिव बंद झाली. बायामाणसांचं बोलणं तुटक यायला लागलं. नवसीला वाटायचं हा मुद्दाम कानाडोळा करतो, ती चिडायची, आणि चिडलेलीही त्याला उशिरा कळायची.

त्र्याण्णव साली खरंच परमनंट करायची माणसं निवडली, आणि साहेबांनी शब्द पाळला. बारकूचं नाव दिलं! नवसीने पाड्यावर गूळ वाटला. आता फक्त डॉक्टरची तपासणी उरली होती. छाती झाली, डोळे झाले. मग बारकूला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावला, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबायचं.

बारकूने आधी हेडफोनच्या गाद्याच चाचपल्या. शिवण बेताची होती. मग तो नीट बसला, बटनावर अंगठा ठेवून. सुरुवातीला खोल गुरगुर आली तेव्हा त्याने दाबलं, पुन्हा आली तेव्हा दाबलं. मग काहीच येईना. त्याला वाटलं, मशीन थांबवलं असेल. तो वाट बघत राहिला. काचेपलीकडे डॉक्टर खटके फिरवत होते, बारकूकडे बघत होते, पुन्हा खटके फिरवत होते. बारकू त्यांच्याकडे बघून हसला. शेवटी डॉक्टरांनी दार उघडलं आणि हातानेच सांगितलं, झालं.

"कान गेलेत ह्याचे," डॉक्टर टिपणीस साहेबांना म्हणाले. "मशीनवर ठेवता येणार नाही. ह्याला मफ नव्हते का दिले?"

साहेबांचा आवाज भरदार. बाकी सगळं गेलं असलं तरी तो आवाज बारकूला स्वच्छ ऐकू आला. "दिले होते की! ही माणसं घालतच नाहीत, डॉक्टर. काय रे बारकू, दिले होते ना तुला?"

बोल की मेल्या! पण नाही. इतक्या वर्षांची जीभ ती, दुसरं काही बोलायला शिकलीच नव्हती.

"व्हय सायेब. दिलं व्हतं."

घरी नवसीने हे ऐकलं आणि कपाळ बडवून घेतलं. "तुज्या कानानं घात केला नाय, तुज्या तोंडानं केला!" परमनंट तर सोडाच, कंत्राटदारानेही बहिरा माणूस नको म्हणून बारकूला काढलं. त्याच्या जागी शेजारच्या पाड्यावरचा मधु लागला, लग्न नुकतंच झालेला, उत्साहाने फुरफुरणारा.

आणि काही दिवसांनी साहेबांचा निरोप आला. गादीचा एक टाका उसवलाय, रविवारी येऊन जा. लाज म्हणून काही असते की नाही? नवसी म्हणाली, जाऊ नको. बारकू गेला. त्याने टाका घातला. साहेबांनी हेडफोन त्याच्याच कानाला लावला आणि तीच कॅसेट चालू केली. डग्गा घुमत होता. बाई दुरून, भिंतीपलीकडून गावं तशी गात होती. बारकू त्या एका जागेची वाट बघत बसला. ती जागा आली आणि गेली.

"सायेब, बाई आता दम नाय घेत."

साहेब हसले. त्याला कळावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "घेते रे! गादी झकास बसलीये. कान गेलेत ते तुझे."

बारकूने हेडफोन काढला. खिशातून ब्लेड काढलं आणि आपलेच टाके एकेक करून उसवायला लागला. साहेब "अरे, अरे" करत पुढे आले. "ह्या माज्या हायेत," बारकू म्हणाला. पुढे साहेब काय बोलले ते त्याला ऐकू आलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. उमाताईने आणलेला चहा तसाच राहिला.

तो थेट कंपनीच्या गेटवर गेला. पाळी बदलायची वेळ होती. मधु दिसला तसं त्याला बाजूला घेतलं, गाद्या त्याच्या हातात कोंबल्या, आत खुंटीवर पडलेल्या पिवळ्या वाट्यांवर कशा चढवायच्या ते समजावलं.

"रोज घालायच्या. लोक हसलं तरी. आन कोनी सायेबानं मागितल्या तर द्यायच्या नाय. समजला?"

मधुने गाद्या दाबून पाहिल्या. मग बारकूच्या कानाशी येऊन ओरडून विचारलं, "आन परमनंट करतो बोलला तर, दादा?"

बारकूला शब्द न् शब्द ऐकू आला. तरी त्याने तळहात कानामागे धरला, मान पुढे केली आणि विचारलं, "काय बोलतोस?"