सासऱ्यांची खंडेनवमी आणि माझा घटनादत्त हक्क

मी टोस्टरला घाबरतो. ब्रेड वर उडाला की मी मागे उडतो. असल्या माणसाला बंदूक बाळगण्याचा हक्क असावा, असं अमेरिकेच्या राज्यघटनेचं मत आहे.

झालं असं की, टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या आमच्या घरी सासरे राहायला आले. आप्पा साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लग्न ठरताना त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून "कॉम्प्युटरवर बसता होय?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून आप्पांनी एकदा तरी पाठ थोपटावी म्हणून मी आसुसलो होतो.

खंडेनवमीला मी गॅराजमध्ये पाट मांडला. शस्त्रं म्हणून लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर. शेजारी गवत कापायचा लॉनमोअर, झेंडूची माळ घालून नवरदेवासारखा उभा! आप्पांनी पाटाभोवती एक चक्कर मारली.

"जावईबापू, ह्यात शस्त्र कंचं?"

मला झोंबलं. मी नुकताच नागरिकत्वाची परीक्षा पास झालो होतो (उत्तरं अजून तोंडपाठ होती!). ताडकन म्हणालो, "आप्पा, इथे बंदूक बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे! दुसरी घटनादुरुस्ती!"

"मग दाखवा की तुमचा हक्क!"

"डॅड, यू आर स्केअर्ड ऑफ द टोस्टर!" लेक ईशा किंचाळली.

आता माघार कशी घेणार? शेजारच्या डेलला शिकारीचा नाद आहे. त्याला फोन करून म्हटलं, सासरे सैन्यातले आहेत, पूजेला बंदूक हवी. तो कुलूपबंद पेटी घेऊन स्वतःच आला. आत त्याच्या आजोबांची रायफल! ती रिकामी आहे हे त्यानं प्रत्येकाला दाखवलं. आप्पांचे डोळे लकाकले, हात आपोआप पुढे गेला.

"सर व्हिजिटर व्हिसावर आहेत?" डेलनं मला विचारलं. "मग सॉरी. त्यांनी हातात घेणं बेकायदा आहे."

मी अडखळत मराठीत सांगितलं. आप्पांचा हात हवेतच राहिला. सारी हयात रायफलबरोबर काढलेला माणूस! मला फार वाईट वाटलं.

"कायदा म्हंजे कायदा," म्हणत त्यांनी हात पाठीमागे बांधले. "मग पूजेला धरायची कुनी?"

डेलनं माझ्याकडे बोट दाखवलं. "सिटिझन!"

रायफल माझ्या हातात आली आणि मी ती तान्ह्या बाळासारखी कुशीत घेतली.

"अहो, पाळण्यात घालताय का तिला?" आप्पा गरजले. "ताठ उभं ऱ्हावा! बोट काढा तिथनं!"

एवढ्यात बायको कुंकू घेऊन आली आणि थेट नळीकडे सरसावली. डेलचा चेहराच पडला. "नो, नो! वरून माझे आजोबा बघतायत!" शेवटी लाकडी दस्त्यावर कुंकवाचं अगदी पुसटसं बोट टेकवायचं ठरलं.

"अगं वैशाली, लवकर आटप ना!" मी घामाघूम.

"झालंच रे, नारळ तेवढा राहिला."

ती मागे वळली. मला वाटलं, निदान सांगून फोडेल.

फटाक्!

मी "मेलो!" म्हणत लॉनमोअरच्या मागे झेप घेतली. रायफल हवेत! डेलनं डोळे मिटले. पण ती जमिनीवर पडलीच नाही. आप्पांनी ती वरच्या वर अलगद झेलली होती!

आप्पांनी हातातल्या रायफलकडे पाहिलं, मग डेलकडे, आणि चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळून ती त्याला देऊन टाकली. डेल घाईघाईनं छताकडे बघत म्हणाला, "मला काही दिसलं नाही. माझे डोळे मिटलेले होते." आणि आप्पांना कडक सॅल्यूट ठोकला! आप्पांनी उलट सॅल्यूट ठोकला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मलाही लॉनमोअरमागे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग ते खाली वाकले आणि खरोखरच माझी पाठ थोपटली.

"जावईबापू, तुमच्या घटनेत अजून एक दुरुस्ती पायजे. जावयाच्या हातात बंदूक द्यायची न्हाई!"

नागरिक या नात्यानं मी तत्काळ अनुमोदन दिलं. आडवं पडूनच!