इचलकरंजीचा गडी

बेंजो पार्टीतल्या गुंडूनं ऑनलाइन लिलावात जुन्या इलेक्ट्रिक गिटारीवर बोली लावली की लगेच कुणीतरी वर चढायचं. शेजारी मोबाइलवर बोटं चालवत बसलेला जिगरी दोस्त विश्वजित त्याला पेटवायचा, “समोर बोली लावतोय त्यो इचलकरंजीचा गडी हाय. मागं सरतोस व्हय?” कोल्हापूरकराला एवढी ईर्षा बास. गुंडूनं दुप्पट बोलीनं गिटार जिंकली.

पार्सल उघडलं. गिटारीला धक्का लागू नये म्हणून भोवती पार्टीचाच केशरी फेटा गुंडाळला होता. फेट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून गुंडूच्या आक्कानं प्रत्येकाचं नाव काठावर दोऱ्यानं काढलेलं. ह्याच्यावर होतं ‘विश्वजित’.

संध्याकाळी सरावाला विश्वजित म्हणाला, “गिटार वाजवून दाव की!”

गुंडूनं सगळ्यांदेखत फेटा त्याच्या अंगावर फेकला. “आदी ह्यो बांध. इचलकरंजीचा गडी बोडका बरा दिसत न्हाय.”