सासूबाईंची लिंबोणी

सासूबाईंच्या लिंबोणीवर कोणीतरी करणी केली आहे, असं मी भर उन्हाळ्यात पंधरा दिवस मानून चाललो होतो. माझी सगळी नोकरी कृषी कार्यालयात झाली. तिथे मी आवक-जावक सांभाळायचो; पिकांशी संबंध टपालापुरता. पण घाटंजीतल्या आमच्या गल्लीतले लोक अजूनही मला पिवळी पानं आणून दाखवतात, आणि मीही ती उलटसुलट करून गंभीरपणे हुंकार देतो.

ही लिंबोणी सासूबाईंनी केळापूरला बी लावून वाढवली होती. त्या गेल्या तेव्हा बायकोनं माहेरचं दुसरं काही मागितलं नाही. मांडीवर कुंडी धरून ती घरी आली. झाडालाच ती आई म्हणते; गच्चीवर जाऊन त्याच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय चहा घेत नाही. लेकीच्या बाळंतपणाला उमरखेडला निघताना तिनं गॅस, दूध, कुलूप यांतलं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आईले सांभाळा."

आठवडाभरात पानं बिघडली. आधी कडा करपल्या, काडी लावून लगेच विझवावी तशा. मग पानं गळू लागली, वारा नसताना. दुपारी गल्ली निपचित पडलेली, घराघरांतून कूलरची घरघर, आणि गच्चीवर एकेक हिरवं पान टप करून खाली यायचं. पान पडे, देठ मात्र फांदीलाच राही, बोटं झडलेल्या मनगटासारखा. मी पानं उलटी करून पाहिली. अळी नाही, जाळं नाही, मावा नाही. कडुनिंबाचं पाणी फवारलं. दुसऱ्या दिवशी जास्तच पानं पडली.

मग राख दिसली. मातीवर, कुंडीच्या काठाला लागून, पांढरं गोल कडं. चमच्यानं खरवडून टाकलं. दोन दिवसांत परत आलं, पहिल्यापेक्षा जाड. गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायला लागलो. तरी आलं. तिठ्यावर ठेवलेली लिंबं मी जन्मभर चपलेनं उडवत आलो होतो. ती सगळी आता एकदम आठवली.

बायको रोज व्हिडिओ कॉल करायची. "आईले दाखवा बरं." मी हिरवी बाजू समोर धरायचो. त्यासाठी रोज कुंडी थोडी थोडी फिरवावी लागायची. एक दिवस फिरवत फिरवत पहिल्या जागेवर आलो, आणि हिरवी बाजू उरलीच नव्हती. "रेंज नाही," म्हणून फोन ठेवला. त्या संध्याकाळी कुंडीपाशी बसून सासूबाईंची माफी मागितली. त्यांच्या हयातीत कधी मागितली नव्हती. मी बोलून थांबलो, तर एक पान पडलं. परत बोललो. परत पडलं. मग गप्प बसलो.

आमच्याकडे माणूस गेलं की दिव्यापाशी पीठ पसरतात आणि त्यावर कोणाची पावलं उमटली ते पाहतात. सासूबाईंच्या वेळी मी त्यावर विनोद केला होता. आता दिवस मावळताना मीच कणकेचा डबा घेऊन वर गेलो आणि कुंडीभोवती चाळणीनं पीठ पसरलं.

सकाळी चहा घेतला, चष्मा लावला आणि वर गेलो. पिठात पावलं होती. अनवाणी, मोठी, अंगठा बाहेर फाकलेला. कुंडीपर्यंत आलेली, तिथे घोटाळलेली, परत फिरलेली. शेजारी पाण्याचे थेंब. किल्ली माझ्याच खिशात.

घरकाम करणारी बाई झाडू घेऊन मागून आली. तिनं पावलं पाहिली, मग माझ्याकडे, मग खाली.

"काकाजी, तुमचे पाय पांढरे काहून हायेत?"

माझ्या बोटांच्या बेचक्यांत कणीक होती.

पहाटे उठल्या उठल्या, डोळे धड उघडायच्या आत, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बादलीत काढून, गच्चीचं कुलूप उघडून लिंबोणीला घालायचं, हा बायको गेल्यापासूनचा माझा शिरस्ता. नळ येतो दिवसाआड, पाणी वाया कसं घालवायचं? हे मी इतक्या नेमानं करत होतो, की करतो हेच ध्यानात नव्हतं.

"कूलरमधी बोअरचं पाणी भरता ना?" तिनं ती राख बोटावर घेतली आणि मी अडवायच्या आत जिभेला लावली. "खार हाये हा. आमच्या रांजणाले असाच बसते. अन् खाली हे ताट कायले ठेवलं? पाणी जाईन कुठून?"

ताट गच्चीवर डाग पडू नयेत म्हणून मीच ठेवलं होतं. कूलर पाणी उडवतो, खार टाकीत राहतो. तो राहिलेला खार मी रोज झाडाला पाजत होतो, आणि खालून बाहेरही पडू देत नव्हतो.

ताट काढलं. नळाचं गोडं पाणी कुंडीतून बादलीबादलीनं वाहू दिलं. पण पडायची ती पानं पडलीच.

बायको आली ती हातातली पिशवी खाली न ठेवता सरळ गच्चीवर गेली. फांद्यांवर काटे आणि देठ. एका टोकाला तांदळाएवढा पोपटी कोंब. मी सगळं सांगितलं, पिठासकट. ती हसली नाही, रागावलीही नाही. कोंबाजवळ वाकून काहीतरी पुटपुटली, मग उत्तर ऐकावं तशी थांबली. नकळत मीही कान टवकारले.

मग ती माझ्याकडे वळली.

"आई म्हणून राह्यली, जावयाले पोरगी देली ते देली, झाड त्याइच्या भरोशावर सोडायचं नव्हतं."