साप चावला तर कुठे थांबायचं

सायवनकडच्या डोंगरात एका उपकेंद्रावर मी नर्स आहे. नोकरीला लागले तेव्हापासून पाड्यावरच्या भगताशी माझं भांडण होतं. कुणाला साप चावला की हा मंत्र घालत बसायचा, आणि माणूस माझ्याकडे यायचा तो डोळे पांढरे झाल्यावर. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी म्हातारा ऐकायला लागला तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

गेल्या पावसाळ्यात त्याच्याच बायकोला मण्यार चावली. सकाळी तिला पाठीवर घेऊन तो दारात उभा. "सिस्टर, मंतर नाय घातला. सीधा तुज्याकडं आलो."

केवढ्या अभिमानानं सांगत होता. पण सापाची लस उपकेंद्रात नसते, आरोग्य केंद्रात असते. मी फोन करून गाडी मागवली. ती डोंगर चढून येईपर्यंत म्हातारीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. केंद्रात डॉक्टरांनी लगेच लस दिली, पण श्वास अडकायला लागला आणि श्वासाचं मशीन त्याच्या पुढच्या दवाखान्यात. तिथलं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं. मग तलासरीवरून गुजरात. हद्द यायच्या आतच ती गेली. कुणाची चूक नाही. प्रत्येकानं आपलं काम केलं आणि तिला पुढे धाडलं. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, दुसरं काय! तेव्हापासून मला या नोकरीचीच चीड येते.

यंदा त्याच्या पुतण्याला शेतात घोणस चावली. म्हाताऱ्यानं त्याला शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मधे बसवलं आणि मागून घट्ट धरलं. मी दारातून हाका मारत राहिले. गाडी थांबली नाही. आरोग्य केंद्रावरूनही ते तसेच सुसाट गेले, गुजरातच्या दिशेनं. केंद्रात त्या दिवशी डॉक्टर होते, फ्रीजमध्ये लस होती. घोणशीच्या विषानं सहसा श्वास अडकत नाही, बहुतेक लसीवरच भागलं असतं. पुतण्या वाटेतच गेला.

दिवसकार्य उरकल्यावर म्हातारा आला आणि उपकेंद्राच्या पायरीवर बसला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बायकोला घेऊन थांबत गेलो, ती गेली. पोराला घेऊन नाय थांबलो, तो बी गेला. आता तूच सांग, कुठं थांबायचा?"

"आधी माझ्याकडेच आण," मी म्हणाले. आम्हाला तेच सांगायला शिकवलंय.

"तुज्याकडं काय हाय?"

"फोन आहे," मी म्हटलं.