कुंदाताईंनी न पुसलेली नोंद

कुंदाताई हातावर पट्टी मारायच्या. राहुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात लागलो त्या दिवशीच मी ती खाल्ली. जुना कोड पुसून त्या जागी नवा लिहीत होतो.

"पुसतोस काय? काल काय हुतं ते उद्या कोनाला इचारशील?"

ताई कर्जतकडच्या, ऊसतोडणी कामगारांची लेक. आम्ही ऊस मोजणाऱ्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करायचो. ज्या एडिटरमध्ये कोड लिहायचो त्यातच त्यांनी महिनाभर खपून बदलांची नोंद ठेवण्याची सोय बसवली. कुठली ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली, सगळं जागच्या जागी दिसायचं. शिवाय एकाचा बदल दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय काट्यावर जायचा नाही. माझा सहकारी विलास वैतागायचा. ताई म्हणायच्या, "कटाळा आला तर च्या पी. पन वाचल्याबिगर व्हय म्हनू नको."

गळीत हंगामात एका काट्यावर ऊस कमी भरतोय, अशी शेतकऱ्यांची तक्रार आली. ताईंनी नोंद उघडली. वजन कापणारी ओळ विलासची होती. मंजुरी माझी, न वाचता दिलेली.

मी हात जोडले. "ताई, एवढी नोंद काढून टाका."

"चोरी त्याची, आळस तुझा. दोन्ही ऱ्हानार."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या काट्याच्या मालकाचे चौघे लोखंडी गज घेऊन आले. त्यांनी संगणक फोडले. एकाने ताईंचा उजवा हात टेबलावर दाबून धरला.

"नोंद पूस."

"न्हाई."

गज बसला. हाड मोडल्याचा आवाज कपाटामागे लपलेल्या मला स्पष्ट ऐकू आला. दुसरा घाव बसला. रक्त कीबोर्डच्या फटींतून खाली गळू लागलं.

"मारा किती बी. ती हितं न्हाई, पुन्याच्या सर्व्हरवर हाय."

मग गज डोक्यावर बसला. तेव्हा कुठे मी ओरडत मधे पडलो. माझ्या दोन बरगड्या मोडल्या. शेजारचे दुकानदार धावून आले म्हणून आम्ही दोघं वाचलो.

पोलिसांसमोर नोंद मीच उघडली आणि माझं नाव दाखवलं. काटा सील झाला. काट्याचा मालक, त्याच्याकडून पैसे घेतलेला विलास आणि ते चौघे पकडले गेले. ताईंची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली.

टाके निघाल्यावर त्यांनी मला बोलावलं. "तुला ठिवता येनार न्हाई, अविनाश. शेतकरी कसा इस्वास ठिवतील?"

मग डाव्या हाताने, अर्धा तास खपून, त्यांनी मला अनुभवाचं पत्र लिहून दिलं: 'कामात हुशार. एकदा न वाचता मंजुरी दिली. पोलिसांना स्वतः सांगितलं.'

ते पत्र वाचून तीन ठिकाणी मला नकार मिळाला. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी ते दोनदा वाचलं, वेड्यावाकड्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे लिहिणाऱ्यांचा हात आता कसा आहे?"