हसत परतणारी बोट

रिकाम्या हाताने परतलेली माणसं हसतात कशी, हा प्रश्न काशीबाईच्या डोक्यात शिरला तो गणपती उरकल्यावर. दांडीच्या किनाऱ्यावर ती मासळी उतरवून घ्यायला उभी होती. बोट तिचीच. खलाशांनी पाट्या खाली ठेवल्या. पाहते तर थोडे शिंगाळे, वर ठेवायला दोन-चार पापलेटं आणि बाकी नुसता बर्फ. शेजारच्या बोटीवरचे लोक तेवढीच मासळी घेऊन तोंड पाडून उतरत होते. हिच्या बोटीवरचे मात्र एकमेकांची थट्टा करत होते. म्हातारा शांताराम, ज्याचे दात तिने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते, तोसुद्धा हसत होता.

काशीबाईने मासळी बाजाराकडे लावून दिली, पण मन लागेना. दर्यावर पोट असलेल्या घरात जन्मलेल्या बाईला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मासळी किनाऱ्याला लागण्याआधी दर्यातच विकता येते. दुसरी बोट बाजूला घ्यायची, चांगला माल तिच्यात टाकायचा आणि उरलंसुरलं मालकाला आणून दाखवायचं. तिकडे बघायला कोण जातंय?

तिचा नवरा हरेश्वर असताना तिला ही भीती कधी वाटली नव्हती. हरेश्वर स्वतःच तांडेल, म्हणजे बोट चालवणारा आणि खलाशांना हुकूम देणारा. त्याचा आवाज किनाऱ्यावर आधी यायचा, बोट मागाहून. जाळं फाटलं की शिवी, उशीर झाला की शिवी, आणि राग अनावर झाला तर हातात येईल ते फेकून मारायचा. त्याच्या बोटीवर खलाशी टिकत नसत. जे टिकत ते मान खाली घालून काम करत आणि मान खाली घालूनच घरी जात. काशीबाईला ते बरं वाटायचं. धाक आहे, तर बोट नीट आहे, असा तिचा हिशेब. हरेश्वर छातीत कळ येऊन अचानक गेला, आणि धाकही त्याच्याबरोबर गेला.

मग रामा आला. रामा गावचाच, पण तरुणपणी दर्या सोडून बोईसरला कारखान्यात लागलेला. सरावलीला खोली घेऊन राहायचा. कारखाना बंद पडला तसा बायकोमुलांसकट गावी परतला. काशीबाईकडे दुसरा माणूस नव्हता, म्हणून बोट त्याच्या हातात दिली. तो कधी आवाज चढवत नसे. मासळी कमी आली की म्हणायचा, "काकी, आज जागा चुकली. उद्या जरा वर जाऊन बघतो." पुन्हा कमी आली तरी चेहरा तसाच. नुकसान होऊनही ज्याचा चेहरा उतरत नाही, त्याचं नुकसान होतच नसणार, असं काशीबाईच्या मनाने घेतलं.

एकदा संशय आला की डोळ्यांना सगळं दिसू लागतं. बर्फ पूर्वीइतकाच लागत होता, म्हणजे मासळीही तितकीच मिळत असणार. खलाशी तेच होते. एकही सोडून गेला नव्हता, उलट दुसऱ्या बोटींवरचे लोक रामाकडे जागा आहे का विचारत होते. आणि शेजारच्या जयवंतीने मासळी वाळवायच्या वलांडीवर बोंबील टाकता टाकता सांगितलं की तुमची बोट खाडीच्या तोंडाबाहेर गेली की इंजिन बंद करून थांबते. सगळे गोल करून बसतात. रोज. आमच्या माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.

"बसून काय करतात?" काशीबाईने विचारलं.

"त्याला रामाची मीटिंग म्हणतात," जयवंती म्हणाली.

वाटे ठरवायलाच बसत असणार, दुसरं काय.

काशीबाईच्या मुलीचं नाव पूर्वी, ती कोळगावच्या सरकारी कचेरीत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी आली तेव्हा आईने तिच्यापुढे सगळं मांडलं. पूर्वीने ऐकून घेतलं आणि माणसं आनंदात आहेत एवढ्यावरून त्यांना चोर ठरवू नकोस म्हणाली. काशीबाईला वाटलं, शिकलेल्या पोरी अशाच भोळ्या असतात. दुसऱ्या दिवशी मुलीला न सांगता ती रिक्षाने सरावलीला गेली.

तिथे रामाबरोबर पाळीत काम केलेला कैलास राहत होता. तो लातूरकडचा, आता दुसऱ्या कारखान्यात लागलेला. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. पण रामाबद्दल विचारल्यावर जरा घुटमळला. तो म्हणाला की रामाच्या हाताखालची माणसं कधी दुसऱ्या लाईनीवर बदली मागत नसत. माल बिघडला की रामा साहेबापुढे स्वतः उभा राहायचा, चूक कोणाची ते सांगायचाच नाही. बाकीच्या लाईनींना त्याचं कोडं पडायचं. "मावशी, आम्ही पण तेच म्हणायचो," कैलास म्हणाला, "हा माणूस यांना असं काय देतो?"

काशीबाई चहा अर्धा ठेवून उठली. आपल्याच मनातला प्रश्न परक्याच्या तोंडून ऐकल्यावर तिचा संशय पक्का झाला. माणसांची चूक झाकणारा चोरीही झाकत असेल.

त्याच संध्याकाळी तिने रामाला निरोप पाठवला की उद्या मी बोटीवर येणार. बाईमाणसाने मासेमारीला जायची गावात रीत नव्हती. रामा कारणं सांगेल, टाळाटाळ करेल, म्हणजे चोर सापडेल, असा तिचा बेत. पण रामाचा निरोप आला, "या. जाड कापड घ्या, वारा झोंबतो." इतक्या सहज हो म्हणाला म्हणून ती आणखीच सावध झाली.

पहाटेच्या भरतीच्या पाण्याला बोट निघाली. काशीबाई बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे पाठ करून बसली, म्हणजे सगळे नजरेसमोर राहतील. खाडीच्या बाहेर आल्यावर खरोखरच इंजिन बंद झालं आणि सगळे गोल करून बसले. रामाने तिलाही बोलावलं. मग आधी स्वतःचं सांगितलं: काल पाण्याचा अंदाज आपल्याला आला नाही, जाळं उशिरा उचललं, त्यात मासळी खराब झाली. मग एकेकाला विचारलं. गोमा नावाचा खलाशी म्हणाला की इंजिनातून कालपासून घरघर येतेय. कोणी सांगितलं की हाताला जखम आहे, दोर ओढायला जमणार नाही. त्याला रामाने सुकाणूवर बसवलं. शांतारामने आज कुठे जाळं टाकावं ते सांगितलं आणि तिथेच जायचं ठरलं.

काशीबाई मनात म्हणाली, नाटक चांगलं बसवलंय. मालकीण आली म्हणून.

जाळं टाकलं, वेळ गेला, ऊन वर आलं. ओढायला सुरुवात झाली तेव्हा लांबून एक बोट त्यांच्याकडे येताना दिसली. दोराजवळ शांताराम होता. त्याची नजर त्या बोटीवर गेली आणि तिथेच अडकली. खाली जाळं कशात तरी गुंतलं होतं, दोर सैल सोडायला हवा होता, रामा ओरडून सांगत होता, पण शांतारामला ऐकूच आलं नाही. फर्रकन आवाज झाला आणि जाळ्याचा मोठा तुकडा खालीच राहिला.

सगळे थबकले. काशीबाईने नकळत डोळे मिटून घेतले. हरेश्वर असता तर आता काय झालं असतं, ते तिला माहीत होतं. पण काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर रामा फाटलेली कड हातात धरून बघत होता. "कुनाला लागलं नाय ना?" एवढंच त्याने विचारलं. मग म्हणाला, "काका, तुमचं ध्यान कुठं होतं?"

तेवढ्यात ती दुसरी बोट जवळ आली. ती गावची नव्हती. तिच्या कडेला उभा असलेला एक जाडजूड माणूस हात हलवून ओरडला, "काय शांताराम, तुमचा म्हातारा गेला आन् तुमी सगले देवमानूस झाला काय? हल्ली काय देतच नाय."

आणि मग त्याला काशीबाई दिसली. त्याने हात खाली घेतला, मागे वळून काहीतरी सांगितलं आणि बोट वळली.

म्हातारा म्हणजे हरेश्वर. देत नाही म्हणजे पूर्वी देत होते. काशीबाईला कोडं सोडवायला वेळ लागला नाही. तिचा संशय अगदी खरा होता. चोरी झाली होती, याच बोटीवर, याच माणसांनी केली होती. फक्त ती रामाच्या राज्यात नव्हे, तर ज्याच्या धाकाचा तिला अभिमान होता त्याच्या राज्यात.

ती रामाकडे वळली. "तुला ठाव होतं?"

"होतं. पयल्याच दिवशी मी विचारलं, या बोटीवर काय चुकतंय. शांतारामकाकांनी सांगितलं. मालकाचा डोला लागला की माल त्या बोटीत जायचा."

"मंग मला का नाय सांगितलंस?"

"तुमी त्यांना काढलं असतं, काकी. बाकीचे परत गप बसले असते. मंग मला इंजिनाची घरघर पन कुनी सांगितली नसती."

काशीबाईला राग आला. मालकिणीपासून लपवणं ते लपवणंच, मग हेतू कितीही चांगला असो. तिने तसं बोलूनही दाखवलं. म्हणाली, "माझा तुज्यावर अजून भरोसा नाय, रामा."

"बरं केलंत सांगितलंत ते," रामा म्हणाला आणि जाळ्याचं उरलेलं टोक ओढायला गेला. त्याच्या बोलण्यात टोमणा आहे का, ते ती बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत शोधत राहिली. सापडला नाही.

परतीच्या वाटेवर शांताराम एका बाजूला बसून होता. किनाऱ्याला लागल्यावर तो सगळ्यांच्या मागून उतरला आणि काशीबाईपुढे येऊन उभा राहिला, आता जा म्हणेल या तयारीने. तिच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण त्याच वेळी तिला दिसलं की बाकीचे खलाशी पाट्या उतरवायचे थांबून तिच्याकडे बघताहेत. रामा मात्र बघत नव्हता. त्याने निकाल तिच्यावर सोडला होता. ती म्हणाली, "उद्या जालं घेऊन अंगनात ये. शिवायला बसायचं हाय."

गोमाने सांगितलेली घरघर मेकॅनिकने पाहिली. आणखी थोडे दिवस गेले असते तर इंजिन भर दर्यात बसलं असतं, असं त्याने सांगितलं. काशीबाईने ते ऐकून घेतलं आणि त्याचे पैसे दिले. दर्या काही रामाच्या गोड बोलण्याने भरून गेला नाही. मासळी सगळ्यांना कमीच होती, कोणी मोठ्या बोटींना दोष देत होतं, कोणी खाडीतल्या पाण्याला. पण हंगामात गावातल्या कित्येक बोटी खलाशांवाचून बांधून पडल्या, तिची एकही दिवस पडली नाही. पूर्वीने विचारलं, पटलं का आता? काशीबाई म्हणाली, बघू पुढच्या वर्षी.

मुलीला तिने त्या दुसऱ्या बोटीबद्दल सांगितलं नाही. बापाची आठवण पोरीच्या मनात आहे तशी राहू दे, असं तिला वाटलं. स्वतःच्या मनातली मात्र तशी राहिली नव्हती.

बोटीवरून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शांताराम जाळं घेऊन आला होता, तेव्हा ती त्याच्यासमोर बसली, स्वतःही सुई घेऊन. शांताराम मान वर करत नव्हता. शेवटी काशीबाईने जाळं मांडीवर ठेवलं.

"शांताराम," ती म्हणाली, "आमचे हे बोटीवर असताना कसे वागायचे, ते मला सांग. खरं सांग. मी काय बोलनार नाय."

शांतारामने सुरुवात चांगल्यापासून केली: वादळात एकदा हरेश्वरने बोट कशी बाहेर काढली, ते. मग थांबला, तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, पुढे बोल म्हणून. तो बोलत राहिला आणि काशीबाई ऐकत राहिली.